विषाने तडकणारा पेला

सांगलीच्या द्वारकाकाकूंनी जन्मात कधी दूधवाल्यावर विश्वास ठेवला नाही, तर परक्या मुलखावर काय ठेवणार! इटलीच्या सहलीत हॉटेलची गादी उलटून पाहिल्याशिवाय त्या अंग टाकत नसत, आणि तिथेच विकत घेतलेली ढेकणांच्या औषधाची बाटली सदैव पर्समध्ये बाळगत.

व्हेनिसच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मखमली कोटातल्या मालकाने काचेचा एक पेला देव्हाऱ्यातून काढावा तसा बाहेर काढला. "आमच्या खानदानाचा पेला! विष पडलं की आपोआप तडकतो. याच्या धाकानेच आमच्या घराण्यात कुणाला विषबाधा झाली नाही. तुमच्या देशात कुठली असली कला?"

सहलीची गाइड केतकी हिने ते मराठीत सांगितलं. काकूंचे यजमान तात्या असे भारावले, की खरेदीसाठी राखलेले सगळे पैसे खिशातून काढू लागले.

"अहो, थांबा जरा," काकू म्हणाल्या. "पेला तर धडधाकट आहे. म्हणजे यात विष कधी पडलंच नाही. मग हा तडकतो हे यांना कळलं कसं?"

केतकीने विचारलं. मालकाने नाक फेंदारलं. "शंका असेल तर खुशाल परीक्षा घ्या! माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

काकूंनी शांतपणे पर्समधून ढेकणांच्या औषधाची बाटली काढली आणि झाकण फिरवलं. वासासरशी मालकाने झडप घालून पेला छातीशी कवटाळला.

"केतकी, एवढं विचार गं त्यांना," काकू म्हणाल्या, "पेला तडकेल म्हणून घाबरलात, की तडकणार नाही म्हणून?"