उलट न बोलण्याचे पथ्य

एका बाजारपेठेच्या गावात एकदा एका वृद्ध वैद्याच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. बुद्धीने तल्लख, पाठांतराला पक्का, आणि हाताला गुण असलेला. उणीव म्हणाल तर एकच. आपल्या हाताला गुण आहे हे त्याला फार लवकर कळले होते.

गुरूंनी त्याच्यावर एकट्यावर सोपवलेली पहिली रुग्ण म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानाची मालकीण, बयाकाकू. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून दुकान या बाईने एकहाती चालवलेले. हंड्यावर बोट वाजवून तो कुठे पातळ आहे ते नादावरून सांगणार; आणि गिऱ्हाइकाने फार ताणून धरले तर, "तुझ्या सासूनं माझ्याकडूनच नेला हंडा, पण तिनं एवढा जीव नव्हता खाल्ला माझा," असे तोंडावर ऐकवणार. दमा मात्र जुना. दर थंडीत उसळून यायचा, उन्हाळ्यात जरा सरकून बसायचा. उठून जाण्याचे नाव नाही.

शिष्याने काढा सुरू केला आणि पथ्य ठरवले. दही बंद, पेरू बंद. दुकानात भांडी घासताना राखेची धूळ उडते, ती छातीत जाते. म्हणून काकूंचे दुकानात बसणे बंद, आणि खाट माडीवर. इथवर ठीक होते. पण क्रोधाने श्वास चढतो असेही त्याने ग्रंथात वाचले होते. त्याने मुलाला आणि सुनेला बाजूला घेऊन बजावले, "काकूंना कुणी उलट बोलायचं नाही. त्या म्हणतील त्याला हो म्हणा. काही झालं तरी त्यांना राग येता कामा नये."

घरची माणसे सज्जन. हे पथ्य त्यांनी सोवळ्यासारखे पाळले. मुलगा दुकानातला प्रश्न वर नेईना, सून स्वयंपाकातला. शिष्य स्वतः दुपार कलली की यायचा, काकूंची करमणूक म्हणून सारीपाट मांडायचा आणि नेमाने हरायचा. "काकू, तुमच्यापुढं आमचं काय चालणार!" असे हसून म्हणायचा, आणि जिना उतरताना स्वतःवरच प्रसन्न असायचा. हुशार माणसाची चूक फार नीटनेटकी असते. ती चूक आहे हे ओळखूच येत नाही.

वर्ष सरता सरता छातीतली घरघर थांबली. शिष्याचे गावात नाव झाले. आणि मग बयाकाकूंनी काढा घेणे सोडले.

भांडण नाही, तंटा नाही. वाटी पुढे केली की भिंतीकडे तोंड. घरघर परत सुरू झाली. हळूहळू ताटही तसेच परत जाऊ लागले. सून रडकुंडीला आली. शिष्य घाबरून गुरूंकडे धावला. "गुरुजी, रोग आटोक्यात आला आणि रोगी हातची चालली. असंच राहिलं तर ही थंडी निघणार नाही."

वृद्ध वैद्य त्याच्याबरोबर आले. माडीवर गेले. त्यांनी नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. सुनेला एवढेच सांगितले, "गरम पाणी चुलीवर असू दे," आणि खाटेशेजारी पट अंथरला.

"बयाबाई, एक डाव टाकू या."

"टाका," काकू म्हणाल्या. आवाजात राखेइतकीही ऊब नव्हती.

कवड्या पडल्या. वैद्यांचे दान पाचाचे. त्यांनी सोंगटी सहा घरे पुढे नेली आणि काकूंची सोंगटी मारून बाहेर ठेवली.

काकूंनी डोळे बारीक केले. "पाच पडले होते."

"सहा होते."

"पाच होते, वैद्यबुवा."

"तुम्हाला दिसत नसेल. वय झालं तुमचं."

"माझं वय झालं?" काकू कोपरावर उठल्या. "अहो, माझ्या लग्नात तुम्ही मिशीवाले बाप्ये होतात! आणि माझं वय काढता?"

"मिशी होती म्हणून काय झालं, दृष्टी शाबूत आहे. चाला पुढं. हरायची सवय नाही ना, म्हणून जड जातंय."

"खोटारडे आहात तुम्ही! अख्ख्या गावाला चूर्ण देता आणि म्हातारीच्या डावात लबाडी करता? ठेवा ती सोंगटी परत. ठेवा म्हणते ना!"

काकू ताडकन उठून बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, आवाज खाली दुकानापर्यंत. मुलगा धापा टाकत वर आला, सून दारात. काकूंचा श्वास चढला, छातीत शीळ वाजू लागली. शिष्य झेपावला, तोच वैद्यांनी त्याचे मनगट धरले.

"बस."

काकूंनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, मान खाली घातली आणि फुंकर घातल्यासारखा लांब श्वास सोडला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. आपल्याच घरातले जुने दार, नेमके कुठे दाबले की उघडते हे माहीत असावे, तशा. शीळ हळूहळू विरली. सुनेने गरम पाणी दिले, ते त्या घोटघोट प्यायल्या आणि पहिला वाक्प्रहार सुनेवरच झाला.

"आणि तू! अमावस्येच्या रात्री तुला म्हटलं, चांदणं काय छान पडलंय गं. तर म्हणतेस, होय आई, छानच पडलंय! अगं, मला वेड लागलं म्हणून मोकळी झाली असतीस तरी चाललं असतं. हा माझा मुलगा. याला म्हटलं, दुकान विकून टाक. तर हा म्हणाला, बरं आई. ज्या दुकानात माझी हाडं झिजली, त्याला बरं आई!"

शिष्याला वाटले, आता आपण काहीतरी सांत्वनाचे बोलावे. त्याने तोंड उघडले, आणि काकूंनी त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे. तेच वाईट झाले.

"हे पोर तर गुणाचं आहे. चांगलं दान पडलं की याचं तोंड उतरतं. आता हरायचं कसं, अशी चिंता पडते बिचाऱ्याला. म्हणून मीच चार सोंगट्या जपून चालवायचे, म्हणजे याला हरायला सोपं जावं. म्हटलं, एवढ्या लांबून येतो, म्हातारीला खूश केलं या समाधानात जाऊ दे त्याला."

शिष्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. वर्षभर ज्या जिन्यावरून तो प्रसन्न मनाने उतरत होता, तिथून कुणी ढकलून दिले असते तर बरे, असे त्याला झाले. तो हिची शुश्रूषा करत नव्हताच. धाप लागणाऱ्या छातीनिशी तीच त्याच्या अहंकाराची शुश्रूषा करत होती.

वैद्य त्याला घेऊन खाली आले. दुकानातल्या गादीवर बसले. शिष्य उभाच राहिला. बसण्याचा अधिकार गेल्यासारखा.

"गुरुजी, तुम्ही मुद्दाम तिला..."

"मुद्दाम. माझी नजर तिच्या ओठांच्या रंगावर होती, ती तुला दिसली नाही, कारण तू तुझं पथ्य मोडलेलं पाहत होतास." वैद्य पुढे म्हणाले, "हे बघ, ज्वर पाहुणा असतो. येतो, छळतो, जातो. तेवढ्यापुरतं माणसाला अंथरुणात ठेवावं, त्याच्या कलानं घ्यावं. जीर्ण व्याधी पाहुणा नव्हे. ती घरातलीच होते, शेवटपर्यंत राहते. तिच्यासोबत संसार करायचा असतो. तू बयाबाईंचा श्वास राखलास, त्याबद्दल तुला दोष नाही. पण श्वास काय रांजणात भरून ठेवायचा असतो? तो बोलायला लागतो, भांडायला लागतो, एखाद्या गिऱ्हाइकाला फटकारायला लागतो. ते सगळं तू काढून घेतलंस आणि रिकामा श्वास तेवढा तिच्या हाती ठेवलास. तिनं तो परत केला. शिवाय, ज्याला कुणी नाही म्हणत नाही, तो माणूस त्या घरात जमेस धरलेला नसतो. मेलेल्याच्याच शब्दाला कुणी आडवं जात नाही."

शिष्याचे डोळे भरले. "मी तिची क्षमा मागतो."

"माग. पण क्षमा मागून स्वतःचं ओझं तिच्या खाटेवर ठेवू नकोस. तुझं ओझं उचलायची तिला आधीच सवय झालीय."

शिष्य वर गेला. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. क्षमेचे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. वर मान करवत नव्हती, तरी त्याने विचारले, "काकू, काय केलं तर तुम्ही काढा घ्याल?"

"दुकानात बसेन."

जिभेवर 'हो' आले होते. वर्षाची सवय ती. "नाही," तो म्हणाला. "तिथं राख उडते. महिन्याभरात पुन्हा खाट धराल."

काकूंच्या भुवया वर गेल्या. "मग घासायचं काम मागच्या अंगणात हलव म्हणावं माझ्या लेकाला. मी सकाळी बसणार."

"सकाळी गारठा असतो. ऊन चढल्यावर."

"ऊन चढल्यावर गिऱ्हाईक जेवायला जातं, शहाण्या! मी काय माश्या मारत बसू?"

"मग कानाला फडकं बांधून बसा. आणि दम लागला की वर यायचं, हट्ट नाही."

"दम लागला की कधी उठायचं ते मला कळतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून कळतं."

"ते आज पाहिलं मी," शिष्य हळू म्हणाला. "मला तुमच्याकडून शिकायला हवं होतं. मी विचारलंच नाही."

काकूंनी हात पुढे केला. "आण ती वाटी. आणि पेरूचं काय?"

"पेरू नाही."

"अर्धा."

"अजिबात नाही, काकू."

काकूंनी कपाळाला आठ्या घालत, त्याला पोटभर शिव्या देत, काढा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. शिष्य वाटी घ्यायला वाकला, तेव्हाही त्याला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. पण तो जायला उठलाही नाही. खालची भांड्यांची टणटण ऐकत दोघे तशीच बसून राहिली.

आपल्याही घरात कुणी वर्षानुवर्षे आजारी असेल. त्याला औषध वेळेवर देताच. आज त्याच्याशी एखाद्या गोष्टीवरून मनापासून वाद घालून पाहा.