तात्याला पाठ झालेला नंबर

कंप्युटर पेटीएवढे असायचे त्या काळची गोष्ट. एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटमध्ये तात्या नावाचा प्रोग्रॅम राहायचा. पाहुणा आला की तो शेजारच्या सेटिंगमावशीला हाक मारायचा, “मावशी, फोन नंबर काय लावू?” मावशी म्हणजे साधी फाइल. मालक लिहून ठेवेल तेवढंच ती सांगायची, आणि तेही विचारलं तरच.

एकदा तात्या वैतागला. “रोज तेच काय विचारायचं? मला पाठ आहे आता.”

“बरं बाबा,” मावशी म्हणाली.

पुढे मालकाने नंबर बदलला आणि नवा मावशीकडे लिहून ठेवला. तात्या जुनाच दाखवत राहिला. तो जुना नंबर आता एका पिठाच्या गिरणीला मिळाला होता. वधूपिते हॉल मागायचे, गिरणीवाला विचारायचा, “जाडं का बारीक?” तुळशीचं लग्न उरकलं तरी हॉलवर एकही लग्न ठरेना. मालक म्हणाला, “हा तात्या पुसून टाकू.”

तात्याचा चेहरा उतरला. पुढचा पाहुणा आला तेव्हा तो हळूच म्हणाला, “मावशी, नंबर काय लावू?”

मावशीने सांगितला. संध्याकाळी हॉलवर पहिलं लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी तात्याने पुन्हा विचारलं.

“कालचाच आहे,” मावशी म्हणाली. “पण तू विचारत जा हो.”