गूळपाणी

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह रखमाजी गवंड्याच्या घरी गेले. वर्षापूर्वी देवळाचे शिखर बांधताना रखमाजी परांचीवरून पडला होता. डोक्याची जखम भरली. पण मूळचा माणूस काही परतला नाही. क्षणात संतापे, क्षणात सारे विसरे. पत्नी येसू त्याला न्हाऊ घाली, भरवी, आणि तिच्याच अंगावर तो ताट भिरकावी. गावकरी येत आणि रखमाजीची विचारपूस करून जात. येसूला 'तू कशी आहेस?' असे विचारण्याची बुद्धी मात्र कुणाला झाली नाही.

दर बाजाराच्या दिवशी त्याची बहीण गोदा येई. तिला पाहताच रखमाजीचा चेहरा खुले. तो स्वतःच्या हाताने तिला गूळपाणी देई. आजही दिले होते.

येसूने वैद्यांना बाजूला घेतले. "बुवा, वर्षभर मी राबते, आणि गूळ वन्संच्या हातावर. त्यांची पावलं वाजली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आजारी माणसाच्या बहिणीवर जळते मी. इतकी वाईट झालेय."

वैद्यांनी रखमाजीची नाडीसुद्धा पाहिली नाही. गोदेला म्हणाले, "आठ दिवस तू इथं राहा." आणि येसूला, "तू आजच माहेरी जा."

शिष्याला हे मुळीच रुचले नाही. जिचा हेवा वाटतो तिच्याच हाती घर सोपवायचे, म्हणजे जखमेवर मीठच की! येसू गेली तीही धुसफुसतच.

आठव्या दिवशी गुरुशिष्य पुन्हा आले. गोदेच्या कपाळावर टेंगूळ होते.

"तिसऱ्याच दिवशी दादानं वाटी फेकली," ती म्हणाली. "मला वाटायचं, वहिनीला अख्खा भाऊ मिळाला अन् मला बाजारापुरता. मीसुद्धा जळतच होते, बुवा."

तेवढ्यात बोचके घेऊन येसू उंबऱ्याशी आली. रखमाजी उठला. त्याने गुळाचा खडा पुढे केला. "दमून आलात. बसा, बाई."

त्याने तिला ओळखले नव्हते. येसूने गूळ तोंडात टाकला आणि रडू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "बुवा, माहेरी दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी कळलं, मला गुळाचा हेवा नव्हताच. वन्सं दिवेलागणीला आपल्या घरी जातात, त्याचा होता."

वाटेत वैद्य शिष्याला म्हणाले, "रखमाजीचं पुष्कळ काही हरपलं. बाहेरून आलेल्याला गूळ द्यावा, एवढं राहिलं. जी कधी बाहेरच पडत नाही, तिला तो मिळावा कसा? विश्रांती मागायची तिला लाज वाटत होती, म्हणून मत्सर तिच्या वतीनं बोलत होता. दुखणेकरी त्या घरात दोन होते. नाडी दुसरीची पाहायची होती."



आता दर बाजाराच्या दिवशी गोदा घर सांभाळते आणि येसू बाहेर पडते. परतताना ती अंगणात जरा मुद्दामच पावले वाजवते, आणि आत गुळाचा डबा शोधण्याची गडबड सुरू होते.