पालखीचा पुढचा दांडा

घुमटगडावर रायाजी नावाचा एक शाहीर होता. त्याचा आवाज खणखणीत होता आणि त्याला स्वतःलाच तो फार आवडे.

तरुणपणी त्याचे लग्न गडावरच्या गोलंदाजाच्या मुलीशी, सगुणाशी ठरले होते. तेवढ्यात गडाला वेढा पडला आणि किल्लेदाराचा भाऊ शत्रूच्या हाती सापडला. शत्रूच्या सरदाराने निरोप धाडला, "सगुणा मला बायको म्हणून द्या. भाऊ परत देतो, वेढाही उठवतो." गडाने सगुणाची ओटी भरली आणि तिला पालखीत बसवले. "मी तुला सोडवून आणीन," असे रायाजी हळूच म्हणाला. वेढा उठला. रायाजी काही गेला नाही.

पोवाडा मात्र त्याने रचला. त्यात सगुणा सरदारावर भाळून, फितूर होऊन, आपल्या पायांनी शत्रूकडे गेली. लोक डोळे पुसत ऐकत. रडवणारे खोटे फार लवकर पाठ होते.

पुढे सरदार मेला आणि सगुणा माहेरी परतली. पोवाडा तिच्या आधीच घरी पोचला होता. सख्ख्या भावजयीने दार लावून घेतले. सगुणा रडत बसली नाही. गडावर उत्सव होता, तिथे ती तडक गेली आणि गाणाऱ्या रायाजीपुढे उभी राहिली.

"शाहीर, मी फितले असते तर गड पडला असता. गड तर हाय की उभा! तुमच्या पोवाड्यात घोड्यांचीबी नावं हायेत. माझी पालखी कुणी वाहिली, तेवढी नावं गा."

किल्लेदाराने डोळे वटारले. "शाहीर, पुढचं कडवं घ्या. बिदागीचं सोन्याचं कडं पायजे ना?"

रायाजीला लाज वाटली, आणि कितीतरी वर्षांनी थोडे बरेही वाटले. त्याने डफावर थाप मारली आणि पहिले नाव घेतले ते स्वतःचे. पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता. मागचे साथीदार गडबडले, पण शाहिराची ओळ उचलायचीच, हा रिवाज. त्यांनीही ती खड्या आवाजात म्हटली.

सोन्याचे कडे गेले, गडावरची चाकरीही गेली. रायाजी गातच राहिला. तेवढ्यात गर्दीतून सगुणाची भावजय पुढे आली.

"मागच्या दांड्याला आमचे धनी हुते," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "वन्सं, घरला चला."

तात्पर्य: आपला जीव वाचवायला ज्याला पुढे केले, त्यालाच मागून फितूर म्हणू नये, आणि दुसऱ्याच्या दगलबाजीची गोष्ट सांगायचीच, तर तिच्यातले आपले नाव आधी घ्यावे.