मंजुळा, बकुळपरी आणि काजळीचे बागुल

ज्या कुणी पहिल्यांदा एखाद्या लहान मुलीला डोळे वटारून सांगितलं असेल, की ‘थांब, हायस्कुलात गेलीस ना, मग कळेल तुला!’, तो चोर आहे. त्यानं त्या मुलीची झोप चोरली, उन्हाळ्याची सुट्टी चोरली, नव्या वह्यांचा करकरीत वास चोरला. आणि वर तोंड करून म्हणाला असेल, ‘तिच्या भल्यासाठीच सांगितलं!’

मंजुळाची झोप अशीच चोरीला गेली होती.

मंजुळा एका चुरमुरेवाल्याची लेक. गावाच्या कडेला तिच्या आईआबांची भट्टी होती आणि भट्टीच्या पाठीला टेकलेली त्यांची एका खोलीची झोपडी. कढईतली काळी वाळू तापली, की आई मूठभर तांदूळ त्यात टाकी. तडतड, तडतड! इवलेइवले पांढरेशुभ्र चुरमुरे चांदण्यांसारखे उड्या मारत वर येत. आबा ते चाळणीवर घेत, वाळू खाली गाळत, आणि पोतं भरलं की खांद्यावर टाकून बाजाराला जात. घरात दोन वेळची भाकरी असे. तिसऱ्या वेळेला भूक लागली तर चुरमुरे असत.

भट्टीजवळ वाढणाऱ्या मुलांना एकाच रीतीनं वाढवावं लागतं. ‘मागं हो, भाजशील!’ ‘हात लावू नको, जळशील!’ मंजुळा रांगत होती तेव्हापासून हेच ऐकत आली होती. त्या धाकामुळेच तिच्या अंगावर कधी एक फोड आला नव्हता. म्हणून तिच्या आईआबांना वाटायचं, लेकराला सांभाळायचं म्हणजे आधी घाबरवायचं. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

यंदा मंजुळाची सातवी झाली. गावची शाळा संपली. आता बकुळबनाच्या पलीकडं, बाजाराच्या गावातल्या हायस्कुलात जायचं होतं. आईआबांनी तिची तयारी सुरू केली ती त्याच रीतीनं.

“तिथं पोरं फार. चुकलीस तर सगळी हसतील,” आई म्हणाली.

“इमारत केवढी मोठी! अशी हरवशील, की सापडायची नाहीस,” आबा म्हणाले.

शेजारची गोदाक्का चुरमुरे घ्यायला आली होती, तिनंही आपली भर घातली. “अगं, तिथं मास्तर एकदाच सांगतात. कळलं तर कळलं, नाहीतर बस घरी!”

आणि मग एक भयंकर गोष्ट घडली. असं प्रत्येक वाक्य बोललं गेलं, की भट्टीच्या धुराड्यातून काजळीचा एक गोळा टपकन खाली पडे. त्याला बारीक लाल डोळे फुटत, कोळ्यासारखे पाय फुटत, आणि तो तुरुतुरु पळत मंजुळाच्या अंथरुणाखाली शिरे. काजळीचे बागुल! ते कुणालाच दिसत नसत, फक्त तिला दिसत. दिवा मालवला की ते तिच्या कानाशी येऊन कुजबुजत.

“हसतील हं…”

“हरवशील हं…”

“बस घरी, बस घरी…”

मंजुळा गोधडी डोक्यावरून ओढून घेई आणि गप्प पडून राही. आईला सांगावं, तर आई म्हणेल, ‘आत्ताच घाबरलीस? मग तिथं गेल्यावर काय करशील?’ आणि आणखी एक बागुल टपकेल. म्हणून ती कुणालाच काही सांगत नसे. शेवटी तिनं मनाशी ठरवून टाकलं, की हायस्कुलात जायचंच नाही. आयुष्यभर भट्टीपाशी बसायचं. तिथं निदान चटका कुठून बसतो हे तरी माहीत आहे.

त्यांच्या घरात एक रिवाज होता. रोजचा चुरमुऱ्यांचा पहिला घाणा विकायचा नाही, तो पाखरांचा. सकाळी तो ओच्यात घेऊन बकुळबनात नेऊन टाकायचं काम मंजुळाचं. त्या सकाळीही ती गेली. बन कसं नटलं होतं! हिरव्यागार पानांतून सोनेरी उन्हाचे कवडसे डुलत होते, आणि जमिनीवर बकुळीच्या चिमुकल्या चांदण्यांचा मऊ मऊ गालिचा पडला होता. बुलबुल आले, साळुंक्या आल्या, टिकलीएवढ्या डोळ्यांची एक खारुताईही आली. पण मंजुळाचं लक्ष नव्हतं. तिच्या पाठोपाठ पाचोळ्यातून खसफस, खसफस आवाज येत होता. बागुल आज दिवसाउजेडी तिच्या मागं आले होते.

तेवढ्यात अगदी बारीक आवाज आला. “सोडव गं मला… कुणी आहे का तिथं?”

फांदीच्या बेचक्यात एक भलंमोठं कोळिष्टक होतं. त्यात काहीतरी लुकलुकत होतं, आणि वरून एक केसाळ कोळी सावकाश खाली उतरत होता. मंजुळाला कोळ्याची फार भीती वाटे. पण तो आवाज इतका केविलवाणा होता, की तिनं दात घट्ट आवळून हात पुढं केला, चिकट धागे तोडले आणि ते लुकलुकणारं इवलंसं काहीतरी अलगद तळहातावर घेतलं.

ती परी होती! बोटाच्या पेराएवढी. तिचा झगा बकुळीच्या पाकळ्यांचा, पंख दवाच्या थेंबातल्या इंद्रधनुष्यासारखे, आणि केसांत गुंजेएवढा लुकलुकता दिवा.

“तू घाबरली होतीस,” परी पंख झटकत म्हणाली. “तरी आलीस. म्हणून तुला एक मागणं मिळेल. पण त्याला नियम आहेत हं! मागणं एकच. ते तोंडानं बोलायचं, कारण मनातल्या मनात मागितलेलं मला ऐकू येत नाही. आणि मागताना डोळे मिटायचे नाहीत.”

मंजुळा लगेच म्हणाली, “परीताई, मग माझी सगळी भीती घेऊन टाक ना!”

“घेते की. पण मग उद्या तू हसत हसत तापल्या वाळूत हात घालशील. चालेल?”

मंजुळानं चटकन दोन्ही हात पाठीमागं लपवले. “नको, नको! मग… मग मला घरीच राहू दे. हायस्कुलात नाही जायचं मला.”

“तेही देईन,” परी हळूच म्हणाली. “पण नियम आठव. डोळे उघडे ठेवून माग.”

मंजुळानं डोळे मोठे केले आणि तोंड उघडलं. पण डोळ्यांसमोर तिला गावच्या शाळेतली भिंत दिसली. त्या भिंतीवर गुरुजींनी निळ्या रंगात समुद्र काढला होता. समुद्र कसा होतो, कुठून येतो, खारट का असतो, हे सगळं पुढच्या वर्गात आहे, असं ते म्हणाले होते. भट्टीपाशी बसून ते कधीच कळणार नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. जावंसंही वाटत होतं, आणि जायची भीतीही वाटत होती.

“मंजे! ए मंजे!”

आईआबा धापा टाकत बनात येत होते. पाखरांना चुरमुरे टाकायला गेलेली पोर एवढा वेळ झाला तरी परतली नव्हती. परी टुणकन उडाली आणि मंजुळाच्या कानामागं जाऊन बसली. तिच्या दिव्याचा उजेड समोर पडला, आणि मंजुळानं जे पाहिलं त्यानं तिच्या अंगावर काटा आला.

आबांच्या पाठीवर एक बागुल बसला होता. पोत्याएवढा! आईच्या मानेला दुसरा विळखा घालून बसला होता. त्यांच्यापुढं मंजुळाचे बागुल म्हणजे नुसत्या मुंग्या.

“कुठं होतीस गं? एवढ्याशा बनात हरवतेस, तर हायस्कुलात काय होईल तुझं?” आबा ओरडले. ओरडताना त्यांच्या पाठीवरच्या बागुलानं त्यांच्या खांद्यावरून वाकून फुंकर मारली, आणि काजळीचा एक ताजा गोळा मंजुळाच्या पायाशी टपकला.

मंजुळाला एकदम उमगलं. बागुल धुराड्यातून येत नव्हतेच! ते आईआबांच्या पाठीवरून येत होते. हे दोघं तिला घाबरवत नव्हते. हे दोघं स्वतःच घाबरले होते.

“परीताई,” ती कुजबुजली, “यांच्या पाठीवरचं ओझं उतरव.”

“ते मला उतरवता येत नाही. ज्याचं ओझं त्यानं बोललं, तरच ते उतरतं.”

सूर्याचा एक कवडसा सरकत सरकत तिच्या कपाळावर आला. मागणं एकच होतं. ते वापरलं, की स्वतःसाठी काही उरणार नव्हतं. मंजुळानं आबांच्या पाठीवरच्या त्या लाल डोळ्यांत पाहिलं. तिनं पापणी लवू दिली नाही.

“माझ्या आईआबांना मनातलं खरं खरं बोलता येऊ दे!” ती मोठ्यानं म्हणाली.

बनात रुपेरी झुळूक आली आणि बकुळीच्या चांदण्यांचा सडा त्या दोघांच्या डोक्यावर पडला. आबा मटकन खाली बसले.

“पोरी, मला त्या हायस्कुलाच्या फाटकाची भीती वाटते,” ते म्हणाले. “चौथीत माझी शाळा सुटली. बाजाराला जाताना मी हायस्कुलाच्या समोरून जातच नाही, मागच्या बोळातनं जातो. उद्या तुझ्या मास्तरांनी काही विचारलं आणि मला सांगता नाही आलं, तर तुझी मान खाली जाईल.”

पोत्याएवढा बागुल भोपळ्याएवढा झाला.

आईनं पदर तोंडाला लावला. “आणि मला वाटतं, तू शिकशील, शहाणी होशील. मग एक दिवस म्हणशील, ‘आई, तुला काय कळतंय यातलं!’ तू हरवशील म्हणतात ना आबा? मला तर माझ्यापासून हरवशील, असं वाटतं गं बाई.”

मंजुळानं धावत जाऊन आईच्या कमरेला मिठी मारली. मग तिचंही बोलणं बाहेर पडलं, भडाभडा. “मला डबा एकटीनं खायची भीती वाटते. वर्ग सापडणार नाही असं वाटतं. आणि… आणि संडास कुठं आहे, ते कुणाला विचारायचं, आई?”

आई खुदकन हसली. रडता रडताच हसली. आबाही हसले. “अगं, एवढंच होय! मी तुला केवढाल्या गोष्टी सांगत बसलो, आणि हे सांगायचं राहूनच गेलं!”

बोलता बोलता बागुल वितळू लागले. त्यांचे पाय गळाले, लाल डोळे विझले आणि राखाडी धूळ वाऱ्यावर उडून गेली. थोडीशी राहिली तिघांच्याही खिशात, मोहरीएवढी. तेवढी भीती बरी असते. रस्ता ओलांडताना उपयोगी पडते.

“अहो,” आई आबांना म्हणाली, “आपण चुरमुऱ्याचे तांदूळ एकदम तापल्या वाळूत टाकतो का?”

“छे! करपतील ना. मिठाचं पाणी लावायचं, आधी मंद आचेवर शेकवायचे, मग वाळूत. तेव्हा कुठं फुलतात.”

“मग लेकीला कशाला एकदम टाकायला निघालो होतो?”

त्या दिवसापासून मंद आच सुरू झाली. आधी आबा तिला बनाच्या टोकापर्यंत सोडून आले. मग फाटकापर्यंत. आणि एके दिवशी, शाळा अजून बंद असताना, आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, एक मोठा श्वास घेतला आणि ते फाटकातून आत गेले. आत महादू शिपाई बाकं पुसत होते. आबांनी त्यांना सगळं विचारलं. आठवीचा वर्ग कुठला, पाण्याचा नळ कुठला, मुलींचा संडास कुठं, डबा खायला पोरं कुठं बसतात. विचारताना त्यांचा आवाज कापत होता, तरी विचारलं! आई घरी मंजुळाशी शाळा-शाळा खेळली. मंजुळा बाई झाली, आई विद्यार्थिनी. आई मुद्दाम म्हणायची, “बाई, मला नाही कळलं, पुन्हा सांगा.” असं म्हणता येतं, हेच तर शिकवायचं होतं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. रात्री मंजुळाला झोप नीट लागली नव्हती. बनाच्या टोकाशी शेवटच्या बकुळीवर परी तिची वाट पाहत बसली होती.

“परीताई, अजून वाटतेच गं भीती.”

“वाटणारच. पण तू तुझं मागणं दुसऱ्यांना देऊन टाकलंस, म्हणून मी माझ्याकडून तुला एक देते. आजपासून दुसऱ्याच्या पाठीवरचे बागुलही तुला दिसतील. दिसले, की काय करायचं ते तुला ठाऊक आहे.”

परीनं तिच्या कपाळाला गोड, थंडगार स्पर्श केला. मग तिचा झगा उजळला, पंख उजळले, केसांतला दिवा सूर्याएवढा लखलखला. सोनेरी, गुलाबी, दुधी उजेडाचा एक लोट पानांपानांतून वर गेला. मंजुळानं डोळे मिटले नाहीत. उजेड ओसरला तेव्हा फांदीवर कुणीच नव्हतं.

फाटकाशी केवढी गर्दी! धक्काबुक्की, गलका, घंटा. मंजुळा थबकली. तोच तिला भिंतीला चिकटून उभी असलेली एक मुलगी दिसली. दोन घट्ट वेण्या, कडक इस्त्रीचा गणवेश, नवेकोरे बूट. आणि पाठीवर दप्तराहून मोठा काजळीचा बागुल.

मंजुळा तिच्याजवळ गेली. “मी मंजुळा. तुझं नाव काय?”

“शर्वरी,” ती मुलगी पुटपुटली.

“तुलाही आत कुठं काय आहे, ते माहीत नाही ना? मला माहीत आहे. माझ्या आबांनी विचारून ठेवलंय. चल, दाखवते. आणि डबा बरोबर खाऊ, हं?”

शर्वरीनं तिचा हात असा घट्ट पकडला, की बोटं दुखली. दोघी निघाल्या. मंजुळाची भीती अजून होतीच, पण चालायला आता तिची अडचण होत नव्हती.

वर्गाच्या दाराशी पोचताना तिला मागून महादू शिपायांचा आवाज ऐकू आला. गुपचूप मागोमाग येऊन फाटकाचे गज धरून उभ्या असलेल्या आईआबांना ते म्हणत होते, “अहो, पोरगी केव्हाच वर्गापाशी पोचली! आता एक तर फाटक सोडा, नाहीतर आत या आणि तुम्हीही आठवीत बसा!”