हंबीरची फेरी

एकदा घाटाखालच्या एका गावात एक लाकडाचा व्यापारी उतारवयात अगदी एकटा पडला. त्याचे नाव त्र्यंबक. पत्नी निवर्तली, दोन्ही मुलगे दूरच्या शहरांत स्थिरावले, आणि वखारही बंद झाली. आयुष्यभर करवतीच्या आवाजात वावरलेल्या त्या माणसाला घरातली शांतता सोसेना. दुपारभर तो रेडिओ लावून ठेवी. काय लागले आहे, हे ऐकत मात्र नसे.

कुणीतरी सुचवले म्हणून त्याने एक पिल्लू आणले. डोंगराळ मुलखात गुरे राखणाऱ्या थोराड जातीचे ते पिल्लू. "वासराएवढा होईल बरं," देणाऱ्याने बजावले होते. त्र्यंबक हसला. घर रिकामेच होते. जितके भरेल तितके बरे. त्याने पिल्लाचे नाव हंबीर ठेवले.

दीड वर्षात हंबीर खरोखरच वासराएवढा झाला. प्रारंभी त्र्यंबक त्याला ओढ्यापर्यंत फिरवून आणी. एके दिवशी बकरी दिसताच हंबीरने अशी झेप घेतली, की त्र्यंबक तोंडघशी पडला आणि त्याचे मनगट मुरगळले. तेव्हापासून हंबीर अंगणातल्या खांबाला बांधला गेला. दूध, भाकरी, मटण, सारे वेळेवर मिळे. पण दिवसभर तो खांबाभोवती फिरे, माती उकरी, वाऱ्यावर भुंके, आणि आपलाच पंजा चाटून चाटून रक्ताळून घेई. त्र्यंबक खिडकीतून बघे आणि म्हणे, "एवढं देतो, तरी याचं समाधान नाही."

एका दुपारी साखळीची कडी तुटली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सुभद्रावहिनी आमटीचे पातेले घेऊन फाटकातून आत येत होत्या. हंबीर त्यांच्याकडे धावला, तो निव्वळ आनंदाने. कितीतरी दिवसांनी कुणीतरी जवळ आले होते. त्याने दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. त्या कोसळल्या आणि त्यांचा डावा हात मोडला.

संध्याकाळी आळीतली माणसे जमली. "त्र्यंबकशेठ, हे जनावर आता इथं नको."

त्र्यंबकाला शाळेत शिकवलेले एक गुरुजी डोंगरावर झाडे जोपासत राहत. वय पंच्याऐंशीच्या पुढे. दुसऱ्या दिवशी टेम्पोत हंबीरला घालून त्र्यंबक त्यांच्याकडे गेला.

"गुरुजी, याला ठेवून घ्या. इथं मोकळी जागा आहे. माझ्याच्यानं आवरत नाही."

गुरुजींनी त्या रक्ताळलेल्या पंजाकडे पाहिले. "दिवसाला किती चालतो?"

"बांधलेला असतो."

"बरं. त्याला झाडाला बांध आणि मला हात दे. विहिरीपर्यंत जाऊन येऊ."

विहीर दोनशे पावलांवर होती. त्र्यंबकाला परतण्याची घाई होती; तो दोन पावले पुढे गेला, की गुरुजी थबकत. हात सोडत नसत, ओढतही नसत, नुसते उभे राहत. तो मागे आला, की पुन्हा चालू लागत. असे दहा-बारा वेळा घडले. शेवटी त्र्यंबक वैतागला.

"गुरुजी, पाय दुखतात का?"

"नाही."

"मग थांबता कशाला?"

"तू ओढतोस म्हणून."

पुढची वाट त्र्यंबक त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालला. विहिरीच्या काठावर टेकत गुरुजी म्हणाले, "तुला रोखायचं बळ माझ्या अंगात आहे का? तरी तू थांबलास. हंबीरबरोबर असंच चाल. त्यानं ओढलं, की उभा राहा. साखळी सैल झाली, की चाल. पहाटे ऊन चढायच्या आत तासभर, संध्याकाळी तासभर. फिरून आल्याबरोबर खायला घालू नकोस, आधी निवू दे. माणूस दिसलं, की त्याला खाली बसायला शिकव. एवढा मोठा जीव घरात आणला, की त्याच्या आनंदाचीही जबाबदारी आपल्यावर येते. त्याच्या नुसत्या आनंदानं माणसाचं हाड मोडतं."

"मी त्याला काही कमी केलं नाही, गुरुजी."

"त्याला आणलंस कशासाठी?"

त्र्यंबक विहिरीतल्या पाण्याकडे बघत म्हणाला, "घर फार गप्प झालं होतं."

"तुझं एकटेपण खोटं नाही, बाळा. पण ते सोसवेना म्हणून तू एक जीव आणलास आणि त्याला तुझ्याहून एकटं केलंस. तुला निदान दार उघडून बाहेर जाता येत होतं. ठेवून घ्या म्हणालास, तर ठेवीन. पण माझ्या पायांत आता एवढीच दोनशे पावलं उरलीत. इथंही तो झाडालाच राहील. या जातीचं आयुष्य आठ-दहा वर्षांचं. काय करायचं, ते तू ठरव."

त्र्यंबकाने डोळे पुसले. "आठ दिवस इथं राहू का? मला शिकवाल?"

नवव्या दिवशी तो आणि हंबीर डोंगर पायी उतरले. हंबीरला घरात ठेवून तो आधी शेजारी गेला. "वहिनी, चूक कुत्र्याची नाही, माझी आहे." हात बरा होईपर्यंत त्यांचे पाणी भरणे, बाजारहाट त्याने आपल्याकडे घेतले. आळीला त्याने सांगितले, "अंगणाला उंच कुंपण घालतो, बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधतो. दोन महिने द्या. मग नकोच म्हणालात, तर याच्याबरोबर मीही जाईन."

ते दोन महिने सोपे नव्हते. हंबीर येताना दिसला, की दारे लागत, आया मुलांना आत ओढत. शहरातल्या मुलग्यांचे फोन पूर्वीसारखेच क्वचित येत. ओढ्याच्या वाटेवर त्या दोघांखेरीज कुणी नसे. कधी साखळी ताणली जाई, त्र्यंबक उभा राही, आणि धुक्यात दोघे तसेच थांबून राहत. हळूहळू पंजा भरून आला. आळी काही बोलली नाही, पण जाण्याचा विषयही कुणी पुन्हा काढला नाही.

एकदा अंगात कणकण असल्यामुळे त्र्यंबकाला निघायला आठ वाजले. सुभद्रावहिनी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना पाहताच हंबीर रस्त्यातच खाली बसला.

"आज उशीर केलात, भाऊजी?"

"जरा अंग गरम होतं."

"साडेपाचपासून बसलेय मी," त्या म्हणाल्या. "रोज तुम्ही दोघं जाताना दिसलात, की मग चहाचं आधण ठेवते. एकटीसाठी उठावंसं वाटत नाही हो."

तीस वर्षे भिंतीला भिंत लागून होती. ही खिडकी केव्हा उघडते, हे त्र्यंबकाने कधी पाहिले नव्हते.

"उद्या वेळेवर निघू, वहिनी," तो म्हणाला.