टेबलावरची घंटी

सेवा क्लबाची ती पितळी घंटी कुंदाबाईंना अजून आठवते. कुणी लांबण लावली की अध्यक्ष दाजीसाहेब शेंबेकर ती वाजवत. त्या वर्षी क्लबाने शाळांतल्या मुलांना आपापले उपक्रम सांगायला बोलावलं होतं. नववीतल्या कुंदाचे नमस्कार-चमत्कार उरकायच्या आत घंटी तीनदा वाजली.

“आम्ही वृद्धाश्रमात जाऊन आजी-आजोबांचं बोलणं ऐकतो,” तिने कसंबसं सांगितलं.

“नुसतं ऐकता? त्यात कसला आलाय उपक्रम? ते कुणालाही जमतं.”

“नाही जमत, साहेब. तुम्हालाच आत्ता तीनदा घंटी वाजवावी लागली.”

सभागृह हसलं. दाजीसाहेबांनी घंटीवर रुमाल टाकला.

पुढे कुंदा आपल्याच शाळेत बाई झाली. एका रविवारी थकलेल्या दाजीसाहेबांचा निरोप आला, ‘मुलं पाठवा. बरंच बोलायचंय, आणि घंटी क्लबातच राहिली.’